ठकीच्या चाकातलं वारं

मोटारीच्या अंगात येत नाही. माणसाच्या तरी येतं की नाही याची मला शंका आहे, पण माणसाचं राहू द्या, ज्याची त्याची मर्जी. मोटारीत लोखंड असतं, रबर असतं, थोडा गंज असतो आणि मालक चिकट असला तर पुष्कळ सुतळी असते. एवढ्या अडगळीत देवीने शिरावं कुठे आणि कशाला? हे मी सत्तावन्न साली महाडच्या नाक्यावर उभा राहून ओरडून सांगत होतो, आणि नाक्यावरची माणसं चहा पीत पीत माझ्याकडे दयेने बघत होती.

भिकू मेस्त्री म्हणतात मला. नाक्यावर पत्र्याची शेड, तिच्यात मी मोटारी दुरुस्त करतो. मला कुणी शिकवलं नाही. लढाई संपल्यावर मिलिटरीचे दोन मोडके ट्रक इथे पडून होते, ते उघडले, पुन्हा जोडले, आणि उरलेल्या नटबोल्टांकडे बघून बघून शहाणा झालो.

पोलादपूरचा महिपती माझा दोस्त. बारा वर्षं मुंबईत एका शेठची मोटार चालवून तो घरी परतला होता आणि त्याने एक जुनी हिरवी मोटार घेऊन पोलादपूर-महाड टॅक्सी सुरू केली होती. मोटार माझ्यापेक्षा थोडीच लहान. बोनेट पुढे आलेलं, दिवे बटबटीत, म्हणून लोकांनी तिचं नाव ठेवलं ठकी. तारांची चाकं, कापडी छप्पर, आणि मैल दाखवणारा काटा बारावर मेलेला. ठकी उभी असली तरी बारा, पळाली तरी बारा.

ही ठकी दोनदा पासिंगला नापास झाली होती. पहिल्यांदा ब्रेकमुळे, ते मी नीट केले. दुसऱ्यांदा थरथरीमुळे. मोटार इन्स्पेक्टर पुस्तकी माणूस, पण खोटा नव्हता. त्याने महिपतीला सरळ सांगितलं, "आता तिसऱ्यांदा आणाल तेव्हा स्टेअरिंग थरथरलं तर परमिट रद्द. मग माझ्याकडे येऊ नका." परमिट गेलं की महिपती पुन्हा मुंबईत. शेठने जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. म्हणजे पुन्हा सहा जणांत एक खोली, आणि बायको आनंदीबाई पुन्हा इथे, शिमग्या-गणपतीला नवऱ्याचं तोंड बघायला मोकळी.

आता थरथरीचं सांगतो. महाडहून पोलादपूरला जाताना चार मैलांवर रस्ता अर्धा मैल सरळ जातो. एरवी या रस्त्याला सरळपणा माहीत नाही. वळण, खड्डा, म्हैस, पुन्हा वळण. या सपाटावर ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेले तीन दगड आहेत, ती वाघजाई. ठकी बरोबर तिथे आली की आधी स्टेअरिंग हातात नाचायला लागायचं, मग दिवे माना हलवायचे, मग आख्खी मोटार सूप पाखडावं तशी. जाताना तिथेच, येताना तिथेच. दुसरीकडे कुठे नाही.

एवढं लोकांना पुरेसं होतं.

मी स्वतः बघायला गेलो तेव्हा गाडीत मागे बयाबाई होती. वय सत्तरच्या पुढे, आवाज विशीतला. सपाट आला, ठकी थरथरायला लागली, आणि बयाबाई ओरडली, "आली गो बाय, आली! हात जोडा सगल्यांनी! महिपती, टोपी काढ रे मेल्या!"

"टोपी काढू की स्टेरिंग धरू?" महिपती दात आवळून म्हणाला.

"दोन हात कशाला दिलेत देवानं?"

मी मैलाच्या दगडांवर आणि मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवून होतो. अर्धा मैल चौसष्ट सेकंदांत. म्हणजे ताशी अठ्ठावीस मैल. मी गाडी वळवायला लावली आणि त्याच सपाटावरून हळू न्यायला सांगितलं. नव्वद सेकंद लागले. म्हणजे वीस मैल. ठकी गाईसारखी गरीब.

"बघा!" मी मागे वळून म्हणालो. "वेगाचा खेळ आहे. अठ्ठावीसला थरथरते, वीसला नाही. दुसरीकडे रस्ताच असा की अठ्ठावीस गाठता येत नाहीत. म्हणून इथेच थरथरते. देवीचा संबंध नाही."

बयाबाईने माझ्याकडे बघितलं. "मंग खरंच हाय की रे भिकू. तिच्यासमोरनं हळू गेलं की तिचा मान राहतो. मंग ती कशाला धरील? तूपन वाकशील एक दिस तिच्यापुढं."

मी हात टेकले.

सोमवारी महिपतीने ठकी माझ्या शेडमध्ये आणली. पासिंग बुधवारी. पुढचं उजवं चाक मी जॅकवर उचललं, पंपाने हवा ठासून भरली म्हणजे दोष ठळक दिसेल, आणि चाक फिरवून त्याला खडू धरला. गोल टायर असेल तर खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटते. इथे फक्त वीतभर जागेत उमटली. टायरला पोट आलं होतं. मग चाक मोकळं फिरवून सोडलं. ते हळूहळू थांबलं, जरा मागे आलं, आणि पोट खाली करून निवांत झालं. तीनदा फिरवलं, तिन्ही वेळा तसंच.

"हा टायर कुठे फाडलास?" मी विचारलं.

"कशेडी घाटात. दरड आलेली तेव्हा. दगडावर चढला."

"आणि आतून काय घातलंस?"

महिपती जमिनीकडे बघायला लागला. "जुन्या टायरचा तुकडा. हाताएवढा. त्याला काय हुतं?"

"काय होतं! झोपाळ्यावर पोर बसलंय. त्याला कधीही ढकललंस तर काही नाही. पण नेमका परत आला की ढकललंस, परत आला की ढकललंस, तर पोर आढ्याला लागेल. हा तुझा हाताएवढा तुकडा दर फेऱ्याला एक ढकल देतो. अठ्ठावीस मैलांना त्या ढकलीची आणि स्टेअरिंगची वेळ जुळते."

"मंग टायर बदल."

"कुठला घालू? मागचे दोन तळहातासारखे गुळगुळीत. ते पुढे लावले तर साहेब गाडीला हात लावायचा नाही. स्टेपनी म्हणून तू नुसती रिंग घेऊन फिरतोस. नवा टायर दोन महिने मुंबईहून येतोच आहे."

उपाय सोपा होता. पोटाच्या बरोबर समोर, चाकाच्या कडेला, थोडं वजन बांधायचं. तराजूच्या दोन्ही पारड्यांसारखं. सावित्री नदीत पाग टाकणाऱ्या भोयांच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात, ते मी मागून ठेवणार होतो. खडूच्या खुणेवर बोट ठेवून महिपतीला म्हटलं, "ही पुसू नकोस. बुधवारी सकाळी लवकर ये, मणी बांधतो, दहा वाजता पासिंग."

तो गेला आणि मंगळवारी दुपारी मला आठवलं की चाकात ठासून भरलेली हवा मी उतरवलीच नाही. उन्हात असा टायर फुटायला किती वेळ? एसटीचा कंडक्टर पांडू पोलादपूरला निघालाच होता. त्याला म्हटलं, "महिपतीला सांग, पुढच्या उजव्या चाकात वारं जास्त झालंय. ते उतरव म्हणावं. नाहीतर उद्या पास व्हायची नाही."

मुंबईला जाऊन आलेले हवा म्हणतात. आम्ही वारं म्हणतो. सायकलीत वारं भरतो, फुटबॉलात वारं भरतो. आणि बाईच्या अंगात देवी आली तरी वारंच म्हणतो. एका शब्दाला दोन कामं लावण्याचा हा चिकटपणा कुणी केला कोण जाणे, सापडला तर त्याला जॅकखाली घालीन.

महिपती घरी नव्हता, पासिंगचे कागद गोळा करायला गेला होता. पांडूने धावत्या बसच्या दारातून आनंदीबाईला ओरडून सांगितलं, "वयनी! मेस्त्री बोललाय, चाकात वारं आलाय! आजच्या आज उतरवा, नायतर पास नाय!"

आता विचार करा. दोन महिने आख्खा तालुका सांगतोय की ठकीच्या अंगात येतं. एक भिकू मेस्त्री तेवढा नाही म्हणतोय. आणि आता तोच निरोप पाठवतोय की वारं आलंय. आनंदीबाईने काय करावं? तिने थोरला दीर हैबती याला कापडे गावाला पिटाळलं आणि चांगू भगताला बोलावून आणलं.

पुढचं मला हैबतीने सांगितलं. चांगूने ठकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, अंगारा फुंकला, आणि विचारलं, "कुठल्या पायात?"

"पुढच्या उजव्या," आनंदीबाई म्हणाली.

"मंग पाय भुईवरनं उचला. पाय भुईला लागला असला की वारं सुटत नाय."

हैबतीने आणि शेजाऱ्याने वाशाने गाडी उचलून चाकाखाली पोकळी केली. चांगूने हळदीच्या पाण्याने चाक धुतलं. धुताना ते फिरलं, डुललं आणि थांबलं. "आता डोकं वर केलान," चांगू म्हणाला, आणि जो भाग वर आला होता तिथे तारांमध्ये त्याने घोड्याचा एक जाड नाल काळ्या दोऱ्याने घट्ट आवळला. वर लिंबू, बिब्बा, मिरच्या. कोंबडं घेतलं आणि गेला.

बुधवारी सकाळी नऊला ठकी माझ्या शेडसमोर उभी राहिली. महिपती उतरला तो हसतच.

"मेस्त्री, सपाटावर कायपण झाला नाय! पानासारखी आली!"

आनंदीबाई मागच्या सीटवर पदर सावरून बसली होती. मी चाकाकडे बघितलं. हळदीने पिवळं, मिरच्या लोंबतायत. माझं डोकं फिरलं.

"हे काय आहे?"

"तुमीच तर सांगून पाठवलात, भावजी," आनंदीबाई म्हणाली.

"मी? मी हवा म्हटलं, हवा! वारं म्हणजे हवा!"

"मंग हवा म्हणायचं हुतं."

मी आणखी ओरडलो. पक्कड घेतली, दोरा कापला, लिंबू गटारात भिरकावलं, मिरच्या शेळीने खाल्ल्या. नाल मात्र हत्यारांच्या पेटीत टाकला, कारण चांगलं लोखंड मी फेकत नाही. महिपती म्हणत होता, "अरे ऱ्हाऊ दे की, चालतेय ना?" मी म्हणालो, "साहेबासमोर लिंबू-मिरची लावून नेणार? दोनदा नापास झालास ते कमी आहे?"

मग हवा बेताची केली आणि शिशाचे मणी काढले. खडूची खूण हळदीच्या पाण्याबरोबर गेलेली. जॅक लावून पुन्हा चाक फिरवायला हवं होतं. पण साहेब डाकबंगल्यावर येऊन बसल्याचा निरोप आला, आणि मी रागात होतो. रागात माणसाला सगळं पाठ असल्यासारखं वाटतं. पोट व्हॉल्व्हच्या समोर होतं असं मला पक्कं आठवलं. मग वजन व्हॉल्व्हपाशी. मणी दोऱ्यात ओवून मी ते तिथे बांधले आणि म्हणालो, "याला म्हणतात इलाज."

इन्स्पेक्टर साहेबाने ब्रेक बघितले, भोंगा वाजवला, दिवे बघितले. टायरवरून हात फिरवला आणि पिवळ्या बोटांकडे बघत राहिला. "हळद?"

"लग्नाचं भाडं मारलं साहेब," महिपती चटकन म्हणाला.

साहेब स्वतः चालवायला बसला. शेजारी महिपती, मागे मी आणि आनंदीबाई, पायाशी माझा जॅक आणि पेटी. तिला उतरायला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या घरातला माणूस मुंबईला जायाचा की नाय ते इथं ठरतंय. मी इथंच बसनार." साहेबाने गाडी सुरू केली.

सपाट आला. साहेबाने वेग वाढवला. आणि ठकी जी सुटली म्हणता! आजवर सूप पाखडत होती, आज मुसळ चालवायला लागली. महिपतीची टोपी उडाली, साहेबाचा चष्मा ओठावर आला, आनंदीबाईने माझा दंड धरला तो वळ आठ दिवस होता. साहेबाने ब्रेक मारला तो बरोबर ऐनाच्या झाडाखाली.

तिथे सावलीत बयाबाई आणि तिची पोटुशी नातसून महाडच्या दवाखान्यात जायला गाडीची वाट बघत बसल्या होत्या. बयाबाई कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणजे पलीकडच्या गावात ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "आज कोपली गो."

साहेबाने चष्मा नाकावर बसवला. "मागच्या वेळेपेक्षा वाईट आहे हे. दुरुस्ती केलीत म्हणजे नेमकं काय केलंत?" त्याने खिशातून पेन काढलं.

महिपती रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि बाराच्या काट्यासारखा कुठेच हलेना. आनंदीबाई गाडीतून उतरली आणि माझ्यासमोर आली.

"भावजी, चांगूनं बांधलावता तेव्हा नीट आली हुती. तुमी सोडलात. बारा वर्सं मी एकटीनं काढलीत. आता तुमच्या रागापायी आनखी काढू?"

मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत. ही शिवी नव्हती, म्हणून लागली.

"साहेब," मी म्हणालो, "चूक माझी आहे. मालकाची नाही, गाडीची पण नाही. मी न बघता वजन बांधलं. पंधरा मिनिटं द्या."

"पंधरा मिनिटांत काय करणार?"

"न बघता केलेलं बघून करणार."

साहेबाने घड्याळ बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. "पंधरा. सोळावं नाही."

जॅक लावला, चाक उचललं, फिरवून सोडलं. ते डुललं, मागे आलं, थांबलं. माझे शिशाचे मणी सगळ्यात खाली लोंबत होते. पोटावरच. म्हणजे पोट व्हॉल्व्हपाशीच होतं, आणि मी ढकलणाऱ्याच्या मदतीला आणखी एक ढकलणारा दिला होता. मी दोरा ओढला तो तुटला, मणी उडाले आणि रस्त्याकडेच्या गवतात गेले. चार सापडले. चार मण्यांनी काय होतंय?

पेटीत नाल होता.

मी नाल हातात घेतला, चाकाच्या वरच्या टोकाला धरला, आणि मग मला कळलं की काल कापड्याच्या त्या माणसाने काय केलं होतं. पाय भुईवरून उचला, म्हणाला. फिरवलं, थांबू दिलं, आणि वर आलं तिथे बांधलं. मी जे सोमवारी शहाणपणाने केलं आणि बुधवारी तोऱ्यात केलं नाही, ते त्या बेट्याने कोंबड्यासाठी जसंच्या तसं केलं होतं. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दोरा उरला नव्हता. आनंदीबाईने पदराच्या गाठीतून काळ्या दोऱ्याची गुंडी काढली. चांगूने राहिलेला दोरा जपून ठेवायला सांगितला होता म्हणे. गुडघे टेकून, तोंड वाघजाईकडे, पाठ साहेबाकडे, मी नाल आवळला. गुडघे टेकल्याशिवाय चाकाला हात पोचत नाही हे कुणीही सांगेल. पण बयाबाई बघत होती.

"वाकला गो वाकला," ती नातसुनेला म्हणाली. "म्हटलावता ना, वाकशील!"

साहेब वाकून बघत होता. "नाल? हा काही धार्मिक प्रकार आहे का?"

"नाही साहेब. वजन आहे. पोटाच्या समोर."

"मग नाल कशाला?"

"दुसरं लोखंड नव्हतं."

त्याने चाक स्वतःच्या हाताने फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी ते वेगळ्याच जागी थांबलं. तो पहिल्यांदाच हसला. आम्ही बसलो. सपाटाच्या टोकाला जाऊन साहेबाने गाडी वळवली आणि वाघजाईवरून अठ्ठावीस मैलांनी नेली, मग परत आणली, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला त्याने स्टेअरिंगवर नुसतं एक बोट ठेवलं होतं. बोट हललं नाही.

ऐनाखाली गाडी थांबवून त्याने बोनेटवर कागद ठेवून लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. "उजव्या पुढील चाकास समतोलासाठी लोखंडी वजन. दोन महिन्यांत टायर बदलणे. पास."

महिपती ठकीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हसायला लागला. हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही. आनंदीबाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याच्या डोक्यावर हात कसा ठेवायचा, म्हणून तिने त्याची टोपी गवतातून शोधून आणली आणि डोक्यावर नीट बसवली. बराच वेळ बसवत होती.

"चला," साहेब म्हणाला, "मला महाडला अजून चार गाड्या बघायच्या आहेत."

बयाबाई आणि नातसून उठल्याच होत्या. साहेबाने थांबवलं. "महिपतराव, पासिंग ड्रायव्हर धरून पाच जणांचं आहे. चौदांचं नाही. माझ्यासमोर तरी नियमाने चला."

त्याने बोटं मोजली. महिपती. साहेब. आनंदीबाई. बयाबाई. पोटुशी पोर.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"साहेब, मी मेस्त्री आहे."

"म्हणूनच म्हणतो, गाडीवर जादा वजन नको," साहेब म्हणाला. पुस्तकी माणसं विनोद करायला लागली की असं होतं.

महिपती म्हणाला, "दुसऱ्या फेरीला येतो रे न्यायाला," आणि ठकी माझ्या अंगावर धूळ उडवून गेली. सपाटावरून गेली ती इतकी गुळगुळीत की बयाबाई मागच्या काचेतून मला हात करत होती ते स्पष्ट दिसलं.

मी जॅक खांद्यावर घेतला, पेटी हातात, आणि चालायला लागलो. चार मैल. मैलभर गेलो असेन तेवढ्यात कडेच्या शेतातून मालोजीची बैलगाडी महाडच्या वाटेला लागली.

"काय मेस्त्री, वाघजाईला पायी आलावतात? नवस बोललात?"

"नाही."

"बयाबाई वाटेत सांगत हुती, दंडवत घातलात म्हणून. गाडी थांबवून सांगितलान."

मी चढून बसलो. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण शंभर पावलंही गेलो नसू, बैलगाडीचं डावं चाक आत-बाहेर डुलायला लागलं. लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येत होता. मी खाली वाकून बघितलं.

"मालोजी, तुझ्या या डाव्या चाकाचा..."

"हात लावू नका मेस्त्री," मालोजी घाईने म्हणाला. "चांगूला सांगून ठेवलंय."